महाराष्ट्रातील विकसन व प्रजनन जीवशास्त्राची वाटचाल : दवाखाना, प्रयोगशाळा आणि गोठा
(अहिल्यानगर जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक

विज्ञानाचा इतिहास लिहिताना सामान्यतः शोध आणि शोधकर्ते यांची नोंद होते. परंतु एखाद्या ज्ञानशाखेत प्रवेश करण्याच्या वाटा कोणी आखल्या, त्या कोणाला खुल्या होत्या आणि कोणाला बंद होत्या, हा प्रश्न बहुधा मागे राहतो. विकसन जीवशास्त्र व प्रजनन जीवशास्त्र या परस्परसंलग्न शाखांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. बीजांड व शुक्रजंतू कसे तयार होतात, त्यांचा संयोग कसा होतो, एका पेशीपासून संपूर्ण सजीव कसा घडतो आणि त्यात बिघाड कोठे होतो, हा या शाखांचा विषय होय. निसर्गात ही प्रक्रिया सलग आहे. महाराष्ट्रात मात्र तिचा अभ्यास तीन वेगवेगळ्या ठिकाणी, तीन वेगवेगळ्या कारणांसाठी सुरू झाला. मुंबईत तो संततिनियमनाच्या गरजेतून, पुण्यात विद्यापीठीय अध्यापनातून आणि उरुळीकांचन-राहुरीच्या परिसरात दुधाच्या गरजेतून उभा राहिला.

या तिन्ही प्रवाहांच्या डोक्यावरील छत्रेही वेगळी होती. पहिला प्रवाह आरोग्य खाते व भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांच्याकडे, दुसरा विद्यापीठे व विद्यापीठ अनुदान आयोगाकडे, तर तिसरा कृषी व पशुसंवर्धन खात्यांकडे गेला. पदव्या, भरतीचे नियम आणि नियतकालिके त्यानुसार निरनिराळी झाली. परिणामी अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याने वर्गात कोंबडीच्या भ्रूणाच्या काचपट्ट्या पाहिल्या, घरच्या गोठ्यात कृत्रिम रेतन पाहिले आणि गावातील दवाखान्यात कुटुंबनियोजनाची भित्तिपत्रके पाहिली. परंतु या तिन्ही गोष्टी एकाच शास्त्राच्या आहेत, हे त्याला सहसा कोणी सांगितले नाही. ही विभागणी शास्त्राच्या स्वरूपातून आलेली नसून प्रशासनाच्या रचनेतून आलेली आहे, आणि ज्यांनी ती ओलांडली त्यांच्याच हातून या क्षेत्रातील लक्षणीय कार्य घडले, असे प्रतिपादन प्रस्तुत निबंधात केले आहे.

दवाखान्याची वाट : मुंबई

महाराष्ट्रात प्रजननाचा विचार धार्मिक व नैतिक चौकटीबाहेर काढून शास्त्राच्या पातळीवर मांडण्याचे श्रेय प्रथमतः रघुनाथ धोंडो कर्वे यांच्याकडे जाते. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक त्यांनी चालविले आणि १९५३ साली मृत्यू होईपर्यंत ते सोडले नाही. कर्वे हे जीवशास्त्रज्ञ नव्हते, वैद्यही नव्हते. ते गणिताचे प्राध्यापक होते. या कार्यामुळे त्यांना विल्सन महाविद्यालयातील प्राध्यापकपदावर पाणी सोडावे लागले. अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांच्यावर खटले झाले व १९३४ मधील खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. प्रजननावर शास्त्रीय भाषेत लिहिणे म्हणजे उपजीविकेवर निखारा ठेवणे होते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

स्वातंत्र्यानंतर ही परिस्थिती झपाट्याने पालटली. १९४९ साली मुंबईत भारतीय कुटुंबनियोजन संघटना स्थापन झाली आणि १९५२ साली भारत सरकारने राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रम हाती घेतला. ज्या विषयामुळे एका प्राध्यापकाची नोकरी गेली होती, तोच विषय तीन दशकांच्या आत शासनाचे अधिकृत धोरण बनला. धोरण म्हटले की साधनांची तपासणी आली. त्यासाठी १९५४ साली मुंबईत गर्भनिरोधक साधनांची चाचणी करणारे पथक सुरू झाले. त्याचाच विस्तार होत १९७० साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची प्रजनन संशोधन संस्था आकारास आली. आज ती राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था या नावाने परळ येथे कार्यरत आहे.

या संस्थेमुळे संप्रेरके, शुक्रजंतूंची रचना, अंडाशयाचे कार्य, गर्भधारणेची रोगप्रतिकारशास्त्रीय बाजू इत्यादी विषयांत पूर्णवेळ संशोधन करण्याची सोय महाराष्ट्रात झाली. जीवशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीधराला येथे वैद्यकीय पदवीशिवायही स्थान होते, ही गोष्ट महत्त्वाची आहे. मात्र संस्थेच्या कार्याची दिशा दीर्घकाळ लोकसंख्या नियंत्रणाने ठरविली. गर्भ राहू नये हा मुख्य प्रश्न होता. गर्भ राहत नाही म्हणून दुःखी असलेल्या दांपत्याचा प्रश्न मागाहून आला.

विद्यापीठाची वाट : पुणे

पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ साली झाली. २०१४ पासून ते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. अहमदनगर महाविद्यालय १९४७ साली भास्कर पांडुरंग हिवाळे यांच्या प्रयत्नांतून सुरू झाले होते. पुढे जिल्ह्यात ठिकठिकाणी निघालेली महाविद्यालयेही याच विद्यापीठाशी संलग्न झाली. त्यामुळे पुण्याच्या प्राणिशास्त्र विभागात जे रुजले त्याचे पडसाद जिल्ह्यातील वर्गांत उमटणे स्वाभाविक होते.

पुण्यात विकसन जीवशास्त्राची प्रायोगिक परंपरा रुजविण्याचे श्रेय प्रा. लीला मुल्हेरकर यांना दिले जाते. त्यांनी एडिंबरो येथे सी. एच. वॅडिंग्टन यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले. भ्रूणाच्या एका भागाच्या सान्निध्यामुळे दुसऱ्या भागाचे भवितव्य ठरते, या घटनेला प्रवर्तन म्हणतात. १९२४ साली हान्स श्पेमान व हिल्डे मांगोल्ड यांनी सॅलॅमँडरसारख्या उभयचर प्राण्याच्या भ्रूणात ही घटना दाखविली होती. पक्ष्यांच्या भ्रूणातही ती घडते हे वॅडिंग्टन यांनी १९३० च्या दशकात दाखविले. मुल्हेरकर यांनी कोंबडीच्या भ्रूणातील आद्यरेषेच्या दोन्ही बाजूंकडील भागांच्या प्रवर्तनक्षमतेचा अभ्यास केला आणि तो १९५८ साली भ्रूणविज्ञानाच्या अग्रगण्य आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच नियतकालिकात १९६० साली, शरीराबाहेर वाढविलेल्या कोंबडीच्या भ्रूणांवर ट्रिपॅन ब्ल्यू या रंगद्रव्याचे होणारे परिणाम त्यांनी मांडले.

येथे एका तंत्राचा उल्लेख आवश्यक आहे. डेनिस न्यू यांनी १९५५ साली कोंबडीचा भ्रूण अंड्याबाहेर वाढविण्याची एक साधी पद्धत प्रसिद्ध केली. अंडे सुमारे १८ ते २० तास उबवून फोडावयाचे, बलकावरील पातळ पीतक आवरण भ्रूणासह अलगद सोडवावयाचे, ते घड्याळकाचेवर काचेच्या कड्याभोवती ताणून बसवावयाचे, खाली पातळ अंड्याचा पांढरा द्रव ठेवावयाचा आणि सुमारे ३७.५ अंश सेल्सिअस तापमानात उबवावयाचे. त्यानंतरच्या तासांत मेंदूचा पन्हळ मिटताना, कायखंड पडताना आणि हृदय ठोके देऊ लागताना सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहता येते. या पद्धतीस लागणारी सामग्री म्हणजे फलित अंडी, उबवणी पेटी, काचेची कडी, चिमटे आणि मिठाचे द्रावण. परदेशी उपकरणे मागविण्याची ऐपत नसलेल्या विद्यापीठाला ही पद्धत परवडणारी होती. मुल्हेरकर यांनी ती पुण्यात आणली आणि विद्यार्थ्यांच्या पिढ्यांना शिकविली. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत हायड्रा या गोड्या पाण्यातील लहान प्राण्याच्या विकसनावर संशोधन उभे राहिले, तेही पुण्यातील या प्रायोगिक परंपरेशी नाते सांगणारे आहे.

जिल्हा पातळीवर मात्र या परंपरेचा प्रायोगिक भाग फारसा पोहोचला नाही. अभ्यासक्रमात कोंबडीचे भ्रूणविज्ञान राहिले. परंतु ते १८, २४, ३३, ४८ व ७२ तासांच्या भ्रूणांच्या तयार काचपट्ट्या पाहून आकृत्या काढण्यापुरते. विद्यार्थ्याने आकृती काढली, नावे दिली, गुण मिळविले. जिवंत भ्रूणातील हृदयाचा पहिला ठोका त्याने पाहिला नाही. भ्रूणविज्ञान हा पाठांतराचा विषय आहे अशी समजूत त्यातून दृढ झाली, आणि या विषयातील पदव्युत्तर पदवीचा शेवट अध्यापकाच्या नोकरीतच होतो असे समीकरण बनले.

एडिंबरोची स्थिती याहून भिन्न होती, याकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. १९४७ साली वॅडिंग्टन तेथे गेले ते पशुपैदास व अनुवंशशास्त्र यांच्या राष्ट्रीय संशोधन संघटनेतील अनुवंशशास्त्र विभागाचे प्रमुख म्हणून. त्यामुळे तेथे भ्रूणाचा मूलभूत अभ्यास आणि गाई-मेंढ्यांच्या पैदाशीचा अभ्यास एकमेकांच्या शेजारी चालत होता. १९९६ साली एडिंबरोजवळील रॉस्लिन संस्थेत ‘डॉली’ ही मेंढी प्रौढ पेशीच्या केंद्रकापासून जन्मली, तिच्यामागे या शेजाराचा दीर्घ वारसा होता. आपल्याकडे मुल्हेरकर यांनी त्या परंपरेतील भ्रूणविज्ञान आणले. परंतु त्याच्या शेजारी गोठा असण्याची व्यवस्था येथे नव्हती. येथे गोठा दुसऱ्या खात्याकडे होता.

गोठ्याची वाट : उरुळीकांचन आणि राहुरी

भारतात कृत्रिम रेतनाचा पहिला प्रयोग १९३९ साली म्हैसूर येथील राजवाड्याच्या दुग्धशाळेत संपत कुमारन यांनी केला असे मानले जाते. या तंत्राला व्यापक रूप येण्यासाठी वीर्य दीर्घकाळ टिकविण्याची युक्ती सापडणे आवश्यक होते. ती १९४९ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्तोफर पोल्ज, ऑड्री स्मिथ व ॲलन पार्क्स यांना सापडली. ग्लिसरॉल मिसळल्यास शुक्रजंतू गोठविल्यानंतरही जिवंत राहतात, असे त्यांनी दाखविले. द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानात ठेवलेले वीर्य वर्षानुवर्षे वापरता येऊ लागले. वळू गावात नेण्याची गरज संपली व त्याचे वीर्य कांडीतून गोठ्यापर्यंत जाऊ लागले.

महाराष्ट्रात या तंत्राचा प्रसार करण्यात मणिभाई देसाई यांच्या बाएफ या संस्थेचा वाटा मोठा आहे. महात्मा गांधींच्या प्रेरणेने सुरू झालेल्या उरुळीकांचन येथील आश्रमातून १९६७ साली ही संस्था निघाली. होल्स्टीन फ्रिजियन व जर्सी या परदेशी जातींच्या वीर्याचा वापर करून देशी गाईंपासून संकरित कालवडी निर्माण करणे आणि ही सेवा शेतकऱ्याच्या दारात पुरविणे, हे तिचे धोरण होते. १९६८ साली राहुरी येथे कृषी विद्यापीठ स्थापन झाले. ते आज महात्मा फुले कृषी विद्यापीठ म्हणून सर्वपरिचित आहे. या विद्यापीठातील गोसंशोधनातून ‘फुले त्रिवेणी’ ही संकरित गाय पुढे आली. तिच्यात होल्स्टीन फ्रिजियनचा अंश ५० टक्के, जर्सीचा २५ टक्के आणि गीरचा २५ टक्के असतो. पहिलीची दुधाची मात्रा, दुसरीच्या दुधातील स्निग्धांश आणि तिसरीची उष्णता व रोग सोसण्याची क्षमता यांचा मेळ घालण्याचा तो प्रयत्न होता.

जिल्ह्याच्या अर्थव्यवस्थेत या प्रयत्नांना पोषक भूमी मिळाली. १९५० साली प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला होता. उसाबरोबर कालव्याचे पाणी, वाढ्यांचा चारा आणि सहकाराची सवय आली. संगमनेर, राहाता, राहुरी, श्रीरामपूर या पट्ट्यात सहकारी दूध संघांचे जाळे विणले गेले आणि संकरित गाय हा शेतकऱ्याच्या रोख उत्पन्नाचा आधार झाला.

या प्रक्रियेत प्रजनन जीवशास्त्राचे प्रत्यक्ष ज्ञान ग्रामीण भागात मोठ्या प्रमाणावर पसरले, ही बाब इतिहासलेखनात दुर्लक्षित राहिली आहे. गाय साधारणतः २१ दिवसांनी माजावर येते. सकाळी माज दिसला तर सायंकाळी आणि सायंकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी भरवावी. २१ दिवसांनी पुन्हा माज दिसला तर ती उलटली असे समजावे. गाभण राहिल्यास सुमारे २८० दिवसांनी विते, हे सर्व शेतकरी जाणतो. माज ओळखण्याचे काम तर बहुतांशी घरातील स्त्री करते. गाईचे हंबरणे, सोट टाकणे, दूध चोरणे या खुणा तिच्या रोजच्या निरीक्षणातील असतात. अंडमोचनाची वेळ आणि शुक्रजंतूंचे आयुष्य यांचा जो मेळ पाठ्यपुस्तकात आलेखाने दाखविला जातो, तोच मेळ ती खुणांवरून घालते.

तथापि या वाटेवरील कारकीर्दही बंदिस्त होती. दवाखान्यात पशुवैद्यक पदवीधर, त्याच्या हाताखाली पदविकाधारक पशुधन पर्यवेक्षक आणि विद्यापीठात कृषी वा पशुविज्ञान शाखेचे पदवीधर, अशी उतरंड होती. २००० साली नागपूर येथे महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यावर पशुवैद्यक शिक्षण कृषी विद्यापीठांपासून वेगळे झाले. प्राणिशास्त्राच्या पदवीधराला या रचनेत जागा नव्हती. संकरित गाय वारंवार का उलटते, हा प्रश्न त्याच्या घरातला होता. पण तो त्याच्या प्रयोगशाळेचा कधी झाला नाही.

सीमा ओलांडणारे

या पार्श्वभूमीवर ज्यांनी एका वाटेवरून दुसरीवर जाण्याचे धाडस केले, त्यांची काही उदाहरणे विचारात घेणे उद्बोधक ठरते.

पहिले उदाहरण डॉ. कमल रणदिवे यांचे आहे. १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या रणदिवे यांनी पुण्याच्या कृषी महाविद्यालयात सीताफळाच्या कुलातील वनस्पतींच्या पेशी-अनुवंशशास्त्रावर पदव्युत्तर अभ्यास केला. त्यानंतर मुंबईत वि. रा. खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ साली पीएच.डी. मिळविली आणि अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धन शिकून भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्याची प्रयोगशाळा उभारली. उंदरांतील स्तनकर्करोगात अनुवंश, संप्रेरके आणि विषाणू यांचा परस्परसंबंध हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता. १९७३ साली स्थापन झालेल्या भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटनेच्या संस्थापकांपैकी त्या एक होत्या. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतर त्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आल्या आणि तेथील सत्यनिकेतन संस्थेच्या आधाराने आदिवासी बालकांच्या पोषणस्थितीच्या अभ्यासात सहभागी झाल्या. वनस्पतीची पेशी, उंदराची गाठ आणि आदिवासी मूल हे तिन्ही विषय वाढीचेच आहेत, हे त्यांच्या कारकिर्दीकडे एकत्रित पाहिल्यास दिसून येते.

वाढीचा हा प्रश्न गर्भावस्थेपर्यंत मागे नेणारे संशोधन पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाने १९९३ साली पुण्याजवळील सहा खेड्यांत सुरू केले. रुग्णालयातील वैद्य, आघारकर संस्थेतील पोषणशास्त्रज्ञ आणि इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील संशोधक त्यात एकत्र आले. या खेड्यांतील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर साउदॅम्प्टनमधील बालकांचे सुमारे ३.५ किलो होते. परंतु आपली बालके स्नायूंनी जितकी कृश होती तितकी चरबीने नव्हती. शेतात राबणाऱ्या मातेच्या आहारातील पालेभाज्या, फळे व दूध यांचा बाळाच्या वाढीशी संबंध असल्याचेही या अभ्यासात दिसले. प्रौढपणीच्या मधुमेहाचे मूळ गर्भाशयात शोधणारा हा अभ्यास विकसन जीवशास्त्राचाच होता; मात्र तो प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेबाहेर घडला.

दुसरे उदाहरण शरीराबाहेरील फलनाचे आहे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात या तंत्राने एका बालिकेचा जन्म झाला. यामागे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. इंदिरा हिंदुजा आणि प्रजनन संशोधन संस्थेचे संचालक डॉ. टी. सी. आनंदकुमार यांचे संयुक्त परिश्रम होते. रुग्णालय व संशोधन संस्था परळमध्ये जवळजवळ होत्या. तितकीच जवळीक त्यांनी शास्त्रात साधली. याच्या उलट कोलकाता येथील डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांचे झाले. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांच्या प्रयत्नाने अशा बालिकेचा जन्म झाला होता. मुखोपाध्याय हे वैद्य होते, शिवाय एडिंबरो येथून प्रजनन-संप्रेरकशास्त्रात १९६७ साली पीएच.डी. झालेले होते. दोन्ही वाटा एकाच माणसात एकवटल्या होत्या. परंतु त्यांचे काम तपासणाऱ्या शासकीय समितीने ते मान्य केले नाही. पुढे त्यांची बदली नेत्ररोग संस्थेत झाली आणि १९८१ साली त्यांनी जीवन संपविले. १९९७ साली त्यांच्या टिपणांचा अभ्यास करून, भारतातील अग्रक्रम मुखोपाध्याय यांचा आहे असे जाहीर करणारे आनंदकुमारच होते. स्वतःकडे आलेले श्रेय पुराव्याच्या आधारे दुसऱ्यास देण्याचे हे उदाहरण संशोधकांच्या पुढील पिढ्यांना सांगण्याजोगे आहे.

तिसरे उदाहरण मेंढीचे आहे. दख्खनी मेंढी सामान्यतः एका वेळी एकच कोकरू देते. बंगालमधील सुंदरबनच्या गरोळ जातीत मात्र जुळी कोकरे नेहमीची आहेत. यास कारणीभूत असलेले जनुकीय उत्परिवर्तन २००१ साली निश्चित झाले. ते अस्थिजनक प्रथिनांच्या एका ग्राहीच्या जनुकात आहे. कोंबडीच्या भ्रूणात पाठीचा कणा व पंखांची घडण ज्या प्रथिनांच्या संदेशांवर अवलंबून असते, त्याच कुळातील संदेश मेंढीच्या अंडाशयात किती बीजांडे पक्व व्हावीत हे ठरवितो. हायड्रातही या प्रथिनांना आवर घालणाऱ्या नॉगिनसदृश जनुकाचा शोध आघारकर संस्थेतील संशोधकांनी घेतला आहे. फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या व ऑस्ट्रेलियातील संशोधकांच्या सहकार्याने हे जनुक दख्खनी मेंढीत आणले आणि ‘सुवर्णा’ हा वाण तयार केला. जुळ्या कोकरांना दूध पुरेल काय, चालत्या कळपात ती टिकतील काय, हे प्रश्न मेंढपाळांचे होते व त्यांची उत्तरे त्यांच्या कळपांतच शोधावी लागली. अहिल्यानगर जिल्ह्यातील धनगर कुटुंबांचाही निर्वाह याच दख्खनी मेंढीवर चालत आला आहे.

जिल्ह्यातील महाविद्यालयांचे स्थान

वरील उदाहरणांच्या प्रकाशात जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या स्थानाचा विचार करता असे दिसते की, तिन्ही वाटा जेथे एकत्र येतात अशी जागा वस्तुतः हीच आहे. विद्यापीठाचा अभ्यासक्रम येथे शिकविला जातो, राहुरीचे कृषी विद्यापीठ व लोणीचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय जिल्ह्यातच आहेत, आणि विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरी गोठा आहे.

कारकिर्दीच्या वाटाही बदलल्या आहेत. सहाय्यक जननतंत्रज्ञान व सरोगसी यांविषयीचे कायदे २०२१ साली संमत झाले आणि त्याखालील नियमांनी वंध्यत्व उपचार केंद्रातील भ्रूणवैज्ञानिकाची पात्रता व अनुभव निश्चित केला. जीवशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीधराला त्यामुळे दवाखान्याच्या वाटेवर एक मान्यताप्राप्त स्थान मिळाले. गाईंच्या बाबतीत लिंगनिर्धारित वीर्याचा वापर सुरू झाला आहे. वळूच्या क्ष आणि य शुक्रजंतूंतील डीएनएच्या प्रमाणात सुमारे ४ टक्के फरक असतो. त्या आधारे ते वेगळे करून कालवडी जन्मण्याची शक्यता वाढविता येते. या तंत्रासाठी पेशीशास्त्र जाणणारे मनुष्यबळ लागते.

येथे अध्यापकांची जबाबदारी केवळ तंत्राची नाही. गोठ्यात कालवड हवी आणि घरात मुलगा हवा, ही आपल्या समाजाची विसंगती आहे. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशात प्रथम महाराष्ट्राने १९८८ साली केला. केंद्राचा कायदा १९९४ साली आला. लिंगनिश्चितीचे शास्त्र वर्गात शिकविताना या दोन्ही गोष्टी एकत्र मांडणे अपरिहार्य आहे, कारण तो विद्यार्थी उद्या प्रयोगशाळेत असेल आणि आजही घरात आहे.

प्रात्यक्षिकांचा प्रश्नही पुनर्विचार मागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ पासून प्राणिविच्छेदन कमी करण्याच्या दिशेने पावले टाकली. विच्छेदनाऐवजी काय, असा प्रश्न महाविद्यालयांपुढे उभा राहिला तेव्हा बहुतेकांनी तक्ते व संगणकीय चित्रफिती स्वीकारल्या. न्यू यांच्या १९५५ च्या पद्धतीसारखे प्रारंभिक भ्रूणाचे संवर्धन, तळ्यातील हायड्राचे पुनरुत्पादन आणि पुनर्जनन, गोठ्यातील माजचक्रांची विद्यार्थ्यांनीच ठेवलेली नोंदवही, हे पर्याय अल्प खर्चाचे आहेत आणि नियमांच्या मर्यादेत राहून करता येण्याजोगे आहेत. एखाद्या गावातील पन्नास गाईंच्या दोन वर्षांच्या नोंदींवरून उलटण्याचे प्रमाण, ऋतू आणि आहार यांचा संबंध तपासणे हा पदव्युत्तर प्रकल्पाचा विषय सहज होऊ शकतो. त्यासाठी प्राणिशास्त्राच्या अध्यापकाने पशुवैद्यकीय दवाखान्याचे दार ठोठावणे एवढीच पूर्वअट आहे.

समारोप

महाराष्ट्रातील विकसन व प्रजनन जीवशास्त्राचा शतकभराचा इतिहास पाहता पुढील बाबी स्पष्ट होतात. प्रथम, ही शाखा संततिनियमन, अध्यापन आणि दुग्धोत्पादन या तीन भिन्न गरजांतून वाढली व प्रत्येक गरजेने आपली स्वतंत्र पदवी, खाते व कारकीर्द निर्माण केली. दुसरे असे की, या विभागणीमुळे ज्ञान वाढले तरी ते एकमेकांपर्यंत पोहोचले नाही. भ्रूणविज्ञान काचपट्टीत राहिले आणि गोठ्यातील अनुभव शास्त्राच्या नोंदीबाहेर राहिला. तिसरे म्हणजे, रणदिवे यांचे कार्य, १९८६ चे फलन, पुण्याजवळील माता-पोषणाचा अभ्यास आणि फलटणची मेंढी, या चारही ठिकाणी यश आले ते दोन वा अधिक वाटांवरील माणसे एकत्र आल्यामुळे. मुखोपाध्याय यांच्या बाबतीत व्यवस्थेने ही गोष्ट ओळखली नाही आणि त्याची किंमत एका शास्त्रज्ञाने दिली.

जिल्ह्यातील महाविद्यालयांना स्वतंत्र संशोधन संस्था उभारणे शक्य नसले तरी या वाटा जोडण्याचे काम त्यांच्या आवाक्यातील आहे. ज्या विद्यार्थ्याच्या घरी आज सायंकाळी गाय भरवावयाची आहे, त्याला उद्या सकाळच्या प्रात्यक्षिकात त्याच घटनेचे शास्त्र पाहावयास मिळाले, तर या विषयातील पुढील संशोधक जिल्ह्यातूनच घडण्याची शक्यता निश्चितपणे वाढेल.